एक निर्णय, आहे त्या स्थितीत

मी मोठ्या विद्यापीठाला नाही म्हटलं आणि दूरच्या विद्यापीठाला हो म्हटलं, कारण दूरच्या विद्यापीठात लिफ्ट नाही.

हे वाक्य तुम्ही वाचलं नाहीत. असं काही घडलेलंच नाही. विचारलंच कुणी, तर सांगा की प्रकरण अजून विचाराधीन आहे, सगळे पर्याय खुले आहेत आणि घरातलं वातावरण खेळीमेळीचं आहे. आता पहिल्यापासून सांगतो.

पहिल्यापासून मी अतिशय हुशार होतो. हे मी नाही म्हणत, दोन विद्यापीठं म्हणत होती! एकाच आठवड्यात दोन्हीकडून होकार आला. त्यातलं एक मोठं. इतकं मोठं, की त्याचं नाव उच्चारण्याआधी आमची आत्या चष्मा पुसून घ्यायची. भिंतींवर वेली, वाचनालयावर घुमट आणि फीचा आकडा असा, की बाबांनी कागद उलटा धरलाय का म्हणून दोनदा फिरवून पाहिला. उलटा नव्हता.

दुसरं म्हणजे दूरचं. त्याचं नाव सांगितलं की लोक 'हो का?' म्हणतात आणि हवापाण्यावर बोलायला लागतात. पण ते पूर्ण शिष्यवृत्ती देत होते. फी माफ, राहणं फुकट, जेवण फुकट, पुस्तकं फुकट, वर थंडीसाठी एक कोट! बाकी सगळं वाचून आई नुसती मान डोलवत होती. कोटापाशी आली आणि विरघळली.

"जे लोक कोट देतात," आई म्हणाली, "ते मुलाला उपाशी ठेवणार नाहीत."

"कोट मी शिवून देते!" आत्या कडाडली. "पण नाव कोण शिवून देणार?"

आत्या बाबांची मोठी बहीण. राहते पलीकडच्या गल्लीत, पण जेवते आमच्याकडे. पोस्टात तिकिटांच्या खिडकीवर असते. त्यामुळे मोठ्या विद्यापीठाचा होकार आला त्या दिवशी ज्यानं ज्यानं तिकीट घेतलं त्याला त्याला सोबत माझी बातमी फुकट मिळाली. पाकीट पोचायच्या आधी बातमी पोचली!

राहिले बाबा. बाबांना मत नव्हतं. बाबा लिलाववाले आहेत. खाली हॉल, वर आम्ही. कुणी घर बदललं, कुणाचा संसार मोडला, कुणी जगाचा निरोप घेतला, की त्यांची कपाटं, आरसे, पलंग आमच्या हॉलमध्ये येतात आणि दर रविवारी बाबा ते नव्या माणसांच्या गळ्यात घालतात. लाकडाला वाळवी असेल तर आधी वाळवी दाखवतात, मग लाकूड. लिलाववाल्यानं बाजू घ्यायची नसते, असं आजोबा सांगून गेले. आणखी एक गोष्ट सांगून गेले आणि ती आमच्या घरात देवाच्या वरच्या खुंटीवर आहे: हातोडा पडला की पडला.

एकदा बोलीच्या भरात बाबांनी स्वतःची खुर्ची विकली. जिच्यावर बसले होते ती! हातोडा पडला, बाबांना कळलं, गिऱ्हाईकालाही कळलं. गिऱ्हाईक म्हणालं, "राहू द्या हो." बाबा उठले, खुर्ची पुसून त्याच्या हातात दिली आणि उरलेला लिलाव उभ्यानं केला. तेव्हापासून आमच्याकडे लिलाव उभ्यानंच होतो.

घरातले प्रश्नही आम्ही असेच सोडवतो. पैसे नाही लावत, कामं लावतो. आधी कुणी अंघोळ करायची, सुट्टीत कुणाकडे जायचं, सगळ्याला बोली. जेवणाच्या टेबलाची खिडकीजवळची जागा मी सात वर्षांचा असताना जिंकली. सगळ्यांच्या बुटांना दोन वर्षं पॉलिश, या बोलीवर! तिथून अख्खी गल्ली दिसते, पंख्याचा वारा नीट लागतो आणि नको असलेली भाजी कुंडीत सरकवता येते. त्या जागेसाठी मी आणखी दहा वर्षं पॉलिश केलं असतं. हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

तर आई आणि आत्यामध्ये महिनाभर जुंपली होती. शेवटची तारीख आठवड्यावर आली. आई भात वाढायच्या ऐवजी आपटायला लागली आणि आत्या 'वहिनी' म्हणायच्या ऐवजी 'काही लोक' म्हणायला लागली.

तेव्हा मी टेबलावर टकटक केली.

"थांबा! हा प्रश्न मी दहा मिनिटांत सोडवतो. लिलाव करा."

"कशाचा?" बाबा दचकले.

"निर्णयाचा. मी कुठं जायचं हे ठरवायचा हक्क. जो जिंकेल तो ठरवेल, बाकीच्यांनी तोंडाला कुलूप!"

आईनं आत्याकडे पाहिलं. आत्यानं आईकडे. दोघींना वाटलं, आपणच जिंकणार. माझ्या योजनेतली गंमत अशी, की मलाही तसंच वाटत होतं! मला मोठंच हवं होतं. त्या घुमटाचा फोटो मी इतक्या वेळा पाहिला होता, की डोळे मिटले तरी आतून घुमट दिसायचा. त्याच्याखाली बसून माणूस नुसता शिंकला तरी ती शिंक विद्वत्तापूर्ण वाटेल. आई फार तर चार महिने भांडी बोलेल, आत्या पाच-सहा, मी तडक एक वर्ष म्हणणार आणि विषय संपणार. फीचं बाबा बघतील. बाबा नेहमीच बघतात.

इतकी निर्दोष योजना मी पुन्हा आखली नाही. हिंमतच झाली नाही.

रविवारी नेहमीचा लिलाव आटोपला. हॉल रिकामा झाला. म्हणजे जवळजवळ. मागे एक उंच, किडकिडीत गृहस्थ न विकल्या गेलेल्या कपाटाची दारं उघडून मिटून पाहत होते. उघड, मिट, कान लाव. उघड, मिट, कान लाव. कपाट काहीतरी कबूल करेल अशी त्यांना आशा असावी.

बाबा टेबलामागे उभे राहिले, हातोडा घेतला आणि त्यांचा आवाज बदलला. हातोडा हातात आला की बाबा घरचे राहत नाहीत.

"आजचा शेवटचा लॉट! एक निर्णय! सुस्थितीत, एकाच घरातला, कधीही न वापरलेला! कोण बोलतंय?"

"एक महिना भांडी!" आई.

"दोन!" आत्या.

"तीन!"

"चार! आणि तव्यासकट!"

"तवा धरलेलाच आहे, वन्सं. पाच!"

"सहा!" आत्यानं चष्मा पुसला. आई थांबली. सहा महिने म्हणजे आईच्या लेखी तत्त्वाच्या पलीकडची गोष्ट.

"सहा महिने ताईचे! सहा एक वार..."

मी सावकाश, रुबाबात हात वर घ्यायला सुरुवात केली. आणि समोर काचेच्या दारातून जे दिसलं, त्यानं हात खांद्यापाशीच गोठला.

बाहेर कोपऱ्यावरचा फरशीवाला उभा होता. तोंडात पेन्सिल, हातात टेप. आणि तो आमचं शटर मोजत होता! रुंदी मोजली. उंची मोजली. मग काचेला नाक लावून आतली जमीन पाहिली आणि स्वतःशीच असा हसला, जसं माणूस लग्न ठरल्यावर हसतो.

आमचं शटर याला कशाला? मी आ वासून पाहत राहिलो.

"...सहा दोन वार..."

नेमकं त्याच वेळी मागच्या किडकिडीत गृहस्थांनी हात वर केला. त्यांना विचारायचं होतं, कपाट घरपोच देता का. पण बाबांना वर गेलेला हात दिसला की प्रश्न दिसत नाही. बोलीच दिसते.

"सात! सात महिने मागच्या साहेबांचे! सात एक वार, सात दोन वार..."

"बाबा!" मी ओरडलो.

"...सात तीन वार!"

धाड!

मागे कपाटाचं दार आपोआप मिटलं.

गृहस्थ हात वर ठेवूनच म्हणाले, "मी काही घेतलं का?"

"आमच्या मुलाचं भविष्य," आई म्हणाली.

"अरे वा." त्यांनी हात खाली घेतला. "आणि कपाट?"

"ते अजून शिल्लक आहे."

"मग दोन्ही द्या."

आत्या खुर्चीत बसली. खुर्ची लिलावातली होती, एक पाय कमी होता, त्यामुळे आत्या पुन्हा उठली. "रद्द कर! ऐकतोयस ना? हे कोण, कुठले, आणि माझ्या भाच्याचं आयुष्य..."

"ताई," बाबांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता, "खुर्ची आठव."

आत्याला खुर्ची आठवली. तिचा आवाज बसला.

आईनं मुकाट्यानं पावतीपुस्तक ओढलं आणि लिहिलं: 'एक निर्णय. न वापरलेला. आहे त्या स्थितीत. परत घेतला जाणार नाही.' गृहस्थांनी पावती वाचली, घडी घातली, खिशात ठेवली आणि विचारलं, "भांडी आजपासून की उद्यापासून?"

आम्ही चौघांनी एकाच वेळी त्यांच्याकडे पाहिलं.

"सात महिने म्हणालात ना? मी निवृत्त लिफ्ट इन्स्पेक्टर आहे. दिलेला शब्द आणि टांगलेली लिफ्ट, दोन्ही मधेच सोडता येत नाहीत."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारावर थाप. इन्स्पेक्टरकाका हजर! स्वतःचा एप्रन, स्वतःची घासणी. आई म्हणाली, "अहो, खरंच कशाला..." पण ते सिंकपाशी पोचलेही होते. भांडी घासण्याआधी त्यांनी ती तपासली. पातेल्याचा कान धरून हलवला. "हे किती वजन घेतं, वहिनी?" आईला आयुष्यात कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. "आमटीएवढं," ती चाचरत म्हणाली. काकांनी मान हलवली आणि पातेलं वापरातून बाद केलं! तव्याला मात्र तोंडी मंजुरी दिली.

घासताना ते माझ्या भविष्याचा विचार करायचे. हे आम्हाला कळायचं, कारण मधेच हात थांबायचा, नळ बंद व्हायचा आणि ते भिंतीकडे बघत राहायचे. आम्ही श्वास रोखून धरायचो. मग ते म्हणायचे, "साबण संपलाय."

आत्यानं मोर्चेबांधणी केली. मोठ्या विद्यापीठाची रंगीत पुस्तिका घेऊन ती सिंकशेजारी उभी राहायची आणि पान उलटायची. "बघा, घुमट. तुम्ही सुज्ञ दिसता. घुमट काय उगाच असतो का?"

"विचाराधीन आहे," काका म्हणायचे.

आई दुसऱ्या बाजूनं. "कोट देतात हो. अस्तर असलेला."

"तेही विचाराधीन."

मी खूश होतो. काका दोन दिवसांत पुस्तिकेतल्या घुमटाकडे रेंगाळून बघायला लागले होते. आत्या गड जिंकत होती. पण मला ते शटर झोपू देईना.

"बाबा, रविवारी तो फरशीवाला आपलं शटर का मोजत होता?"

बाबा हातोडा पुसत होते. "कोण फरशीवाला?"

झालं! माझ्या पायांखालची जमीन सरकली. कारण कोपऱ्यावर एकच फरशीवाला आहे, बाबा त्याला रोज नमस्कार करतात आणि बाबा खोटं बोलत नाहीत. वाळवी आधी दाखवणारा माणूस! माझ्यासमोर! तेही इतकं वाईट खोटं, की ते लिलावात कुणी फुकटही घेतलं नसतं.

मी सरळ फरशीवाल्याकडे गेलो. त्यानं मला पाहून दोन्ही हात पसरले.

"या या, विद्वान! पेढे... म्हणजे तोंड गोड कधी करताय? तुमच्या जिवावर तर आमची भरभराट!"

"माझ्या जिवावर?"

"मग! तुम्ही मोठ्या विद्यापीठात गेलात, की हॉल माझा. बाबांचा शब्द आहे. पोराची फी एकरकमी भरायची, पोराला कळू द्यायचं नाही, इतकीच अट." इथं तो थबकला. पोरगा समोरच उभा होता. "तुम्हाला... कळलेलं नाही ना?"

"नाही," मी म्हणालो.

"हां, मग ठीक आहे!" त्याला इतकं हायसं वाटलं, की तो नकाशाच काढून दाखवायला लागला. "इथं स्वयंपाकघराच्या फरश्या. इथं पायऱ्यांच्या. आणि हे तुमच्या बाबांचं टेबल आहे ना, जिथं ते उभे राहतात? अगदी मोक्याची जागा! तिथं मी संडासाच्या फरश्या मांडणार!"

मी घरी कसा आलो मला आठवत नाही. वाटेत डोळे मिटले, तर आतून घुमट दिसला. घुमटाखाली बाबा उभे होते. हातोडा नव्हता. खुर्ची तर आधीच नव्हती.

आता माझी अवस्था पाहा. महिनाभर मी मनातल्या मनात मोठं-मोठं घोकत होतो. आता मला दूरचं हवं होतं, आणि निर्णय माझ्या हातात नव्हता. एका परक्या माणसाच्या खिशात होता, पावतीसकट, आणि तो माणूस आत्याच्या घुमटाला भुलत चालला होता!

त्या संध्याकाळी मी फडकं घेऊन सिंकपाशी गेलो आणि भांडी पुसायला लागलो.

"काका, एक विचारू?"

"आधी मी विचारतो. तुला कुठं जायचंय?"

माझ्या हातातलं ताट निसटता निसटता राहिलं. महिनाभराच्या युद्धात हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नव्हता. माझ्यासुद्धा नाही, मी तर उत्तरच घेऊन फिरत होतो.

"मोठ्या विद्यापीठात."

"वाटलंच. मीही तिकडेच झुकलोय."

"म्हणून म्हणतो, तुम्ही दूरचं सांगा."

काकांनी नळ बंद केला. मी त्यांना सगळं सांगितलं. शटर, फरशीवाला, टेबलाची जागा. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "बाबांना सांग ना सरळ."

"सांगितलं, तर मला कळलंय हे त्यांना कळेल. मग ते हट्टाला पेटून उद्या सकाळी शटर स्वतःच्या हातानं काढून देतील. तुम्ही बाबांना ओळखत नाही. त्यांनी खुर्ची दिलीय!"

"म्हणजे मी खोटं बोलू?"

"खोटं कशाला? नुसतं कारण द्या."

"पस्तीस वर्षांत मी सबळ कारणाशिवाय एक लिफ्ट बंद केली नाही, बेटा."

आणि माझ्या डोक्यात दिवा पेटला. तो दिवा मी तिथंच फुंकून टाकायला हवा होता.

"लिफ्ट! काका, लिफ्टचंच कारण द्या! मोठं विद्यापीठ किती जुनं आहे. तिथली लिफ्ट धड असणं शक्य आहे का? तुम्ही दोन्हीकडे सगळ्यांसमोर फोन लावा, लिफ्टची चौकशी करा. तिकडची गंजलेली निघणार, दूरचं विद्यापीठ नवं, तिकडची नवी निघणार. तुम्ही निकाल द्या. तुमच्या तोंडी शोभेलही!"

काकांनी घासणी पिळून ठेवली. "तांत्रिक निकष आहे," ते अखेर म्हणाले. "चालेल."

शेवटच्या तारखेला सगळे टेबलाभोवती बसलो. मी माझ्या खिडकीजवळच्या जागी. बाबा उभे, सवयीनं. आत्यानं नवी साडी नेसली होती आणि पोस्टातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली होती. काकांनी पावती टेबलावर ठेवली आणि मोठ्या विद्यापीठाला फोन लावला. आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा.

"नमस्कार, प्रवेश विभाग," एक मंजूळ आवाज आला. "आपण उमेदवाराचे कोण?"

"मी कुणीच नाही. मी त्याचा निर्णय लिलावात घेतलाय."

पलीकडे कीबोर्डची टकटक झाली. मग, "...बरं. काय मदत करू?"

"आपल्याकडची लिफ्ट कशी आहे?"

"कोणती? अकरा आहेत."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"सगळ्या गेल्याच वर्षी बदलल्या," मंजूळ आवाज उत्साहात आला. "आत आरसे आहेत. बसायला बाक आहे. वीज गेली तर आपोआप जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडतं. आणि एक थेट घुमटात जाते."

"थेट... घुमटात?" काकांचा आवाज घोगरा झाला. डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या. अडकलेल्या माणसांना पस्तीस वर्षं पहारीनं बाहेर काढणारा माणूस! आपोआप उघडणाऱ्या दाराचं वर्णन त्याला सहन होईना. "आणि दोर? दोर दुहेरी आहे?"

"तिहेरी."

"तिहेरी!" काका खुर्चीत मागे कोसळले. आत्यानं टाळीच वाजवली. क्षणभर वाटलं, गेला हा माणूस. आरशांना विकला गेला!

मग त्यांनी दूरच्या विद्यापीठाला फोन लावला. बराच वेळ घंटी वाजली. कुणीतरी धापा टाकत उचलला.

"कोण पाहिजे? हापिसात कुणी नाही, मी माळी बोलतोय."

"तुमची लिफ्ट कशी आहे?"

"काय कशी आहे?"

"लिफ्ट. वर जायची."

"वर कुठं?" माळी गोंधळला. "साहेब, इथं वरचा मजलाच नाही. सगळं एकमजली आहे. वर कौलं. त्याच्यावर कबुतरं. कबुतरांना काही सांगायचंय का?"

"नाही," काकांनी फोन ठेवला.

आत्या विजयी मुद्रेनं चष्मा पुसत होती. आईनं कोटाला मनातल्या मनात निरोप दिलेला दिसत होता. मी बाबांकडे पाहिलं. ते टेबलाच्या कडेवरून हळूच हात फिरवत होते, गिऱ्हाइकाच्या हवाली करण्याआधी एखाद्या चांगल्या लाकडावरून फिरवतात तसा. मला वाटलं उठावं आणि ओरडून सगळं सांगून टाकावं. तोंड उघडलंही.

तेवढ्यात इन्स्पेक्टरकाका उभे राहिले. एप्रन सरळ केला.

"निर्णय: दूरचं विद्यापीठ."

"काय?" आत्याची किंकाळी फरशीवाल्यापर्यंत गेली असणार. "अहो, तिथं लिफ्टच नाही!"

"तेच तर!" काकांनी टेबलावर बोट आपटलं. "मी आयुष्यभर लिफ्टा तपासल्या, ताई. नव्या पडल्या, जुन्या पडल्या, आरशांच्याही अडकल्या. एक लिफ्ट मात्र आजवर कधी पडली नाही, कधी अडकली नाही, कधी तक्रार आली नाही. ती म्हणजे नसलेली! तिथं अपघाताचा धोका शून्य. मुलगा तिकडे जाईल."

"हा काय वेडेपणा आहे!"

काकांनी पावती पुढे सरकवली. आत्यानं वाचली. 'परत घेतला जाणार नाही.' तिनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चेहऱ्यावर जमेल तितकी निराशा आणली. आणायला फार कष्ट पडले नाहीत. घुमटात थेट लिफ्ट जात होती हो!

रात्री बाबा हॉलमध्ये आवराआवर करत होते. मी खाली गेलो.

"लिफ्ट नाही म्हणे तिकडे," बाबा म्हणाले.

"नाही."

"जिने?"

"जिनेही नाहीत."

"बरं आहे. गुडघे टिकतील." बाबांनी हातोडा उचलला आणि पुसायला लागले. तो स्वच्छच होता. बराच वेळ पुसत राहिले. "त्या फरशीवाल्याला उद्या सांगून टाकतो," ते पाठमोरे म्हणाले.

"कोण फरशीवाला?" मी विचारलं.

बाबांचे खांदे हलले. हसले की काय, ते त्यांनी वळून दाखवलं नाही.

आत्या दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवसापासून पोस्टात तिकिटाबरोबर नवी बातमी जायला लागली: "आमचा भाचा जिथं चाललाय ना, तिथं लिफ्टसुद्धा लागत नाही. इतकी जमिनीवरची माणसं!"

मी निघालो तो रविवार होता. बॅगा घेऊन खाली उतरलो, सगळे निरोपाला जमले होते, आईचे डोळे भरले होते. मला वाटलं, आता बाबा चार शब्द बोलणार. बाबांनी घसा साफ केला.

"आजचा शेवटचा लॉट! जेवणाच्या टेबलाची खिडकीजवळची जागा!"

"बाबा! ती माझी आहे! मी सुट्टीत येणार आहे!"

"चांगली वस्तू रिकामी ठेवायची नसते, चिरंजीव. आजोबांचा नियम. कोण बोलतंय?"

"तीन महिने कपडे!" आत्या. एका क्षणाचाही विचार न करता!

"चार!" आई. डोळे पुसत पुसत, पण चार!

"आणखी एक वर्ष भांडी," मागून शांत आवाज आला. एप्रनमधून.

मी जिवाच्या आकांतानं हात वर करायला गेलो. दोन्ही हातांत बॅगा होत्या.

धाड!

सध्या मी दूरच्या विद्यापीठात, कौलांखाली, कोट घालून बसलो आहे. कोटाला अस्तर आहे. आई बरोबर होती. बाह्या मात्र इतक्या लांब आहेत, की लिहिताना हात शोधावा लागतो. सापडला तेव्हा पहिल्यांदा पुढचा मजकूर लिहिला. तो जसाच्या तसा देतो.

प्रति,
माननीय लिलावप्रमुख तथा वडील यांस,

विषय: खिडकीजवळची जागा सुट्टीपुरती परत मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, सदर जागा अर्जदाराने वयाच्या सातव्या वर्षी रीतसर बोली लावून मिळवली होती व पॉलिशची संपूर्ण परतफेड केली होती. लिलावाच्या वेळी अर्जदाराचे दोन्ही हात सामानात गुंतलेले असल्याने त्यास बोली लावता आली नाही. सध्याचे जागाधारक उंच असल्याने पंख्याचा वारा त्यांच्या डोक्यावरून जातो व गल्ली तशीही उभ्याने दिसते, ही बाब विचारात घ्यावी.

तरी येत्या सुट्टीत, फक्त जेवणाच्या वेळेपुरता, एकदा पडलेला हातोडा पुन्हा वर उचलण्यात यावा, ही नम्र विनंती.

कळावे,
आपला आज्ञाधारक,
आहे त्या स्थितीत

प्रत माहितीसाठी: इन्स्पेक्टरकाका, भांडी झाल्यावर.